तुरट तीर्थ

"आज तीर्थ तुरट लागतंय का हो अण्णा?" आमच्या ह्यांनी तोंड वाकडं करून विचारलं.

मी ओट्यापाशी पोहे भिजवत होते. माझा हात तसाच चाळणीत राहिला. देवघर आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच होतं, त्यामुळे पळायची सोय नव्हती.

मामंजींनी पळीभर तीर्थ स्वतःच्या तळहातावर घेतलं, तोंडात टाकलं, जिभेवर घोळवलं आणि शांतपणे म्हणाले, "पंचपात्र कळकलंय. सूनबाई, आज चिंच लावून घासून ठेव हो."

"हो मामंजी," मी म्हटलं. आवाज असा निघाला की ह्यांनी वळून पाहिलं.

"तुला नाही लागलं तुरट?"

"मी अजून घेतलंच नाहीये."

"मग घे की!"

घेतलं. काय सांगू, जिभेला अक्षरशः सुरकुत्या पडल्या! तरी हसून म्हटलं, "छे! नेहमीसारखंच तर आहे."

एकोणऐंशी सालची गोष्ट. लग्न होऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. कऱ्हाडला सोमवार पेठेत आमचं घर. घरात माणसं तीन: मामंजी, हे आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. हे सकाळी डबा घेऊन कारखान्यात जायचे ते संध्याकाळी उगवायचे. दिवसभर घरात मी आणि मामंजी. मी बडबडी, ते मोजकं बोलणारे. पण आमचं जमलं होतं. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, अग्रलेखातले जड शब्द आले की अडखळायची आणि ते न हसता पुढचा शब्द सांगायचे.

वाचून का दाखवायची, तर त्यांचे डोळे. मामंजी घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी घड्याळं उघडली. गावातल्या निम्म्या मनगटांवरच्या घड्याळांची पोटं त्यांनी पाहिली होती. मग डावा डोळा पिकला. कुठल्याशा शिबिरात ऑपरेशन केलं, आत जंतू शिरले आणि तो डोळा कायमचा गेला. आता उजव्यातही मोतीबिंदू. दुकान दोन वर्षं बंद होतं. एकुलता एक डोळा, त्यालाही चाकू लावायचा म्हटल्यावर माणूस घाबरणारच. हे समजावून थकले, मिरजेचे डॉक्टर समजावून थकले. डॉक्टर म्हणाले होते, "आणखी सहा महिने थांबलात तर आत फुटेल, मग माझ्याही हातात काही नाही."

मीच रोज भुणभुण लावली. शेवटी एक दिवस, पूजेनंतर, त्यांनी मला देवघरापाशी बोलावलं.

आमच्याकडे पंचायतन. ताम्हनात पाच देव, पाचही दगड. काळा शाळिग्राम, शंकराचा गुळगुळीत बाण, तांबडा गणपती, देवीचा सोनेरी झाक असलेला खडा आणि सूर्याचा स्फटिक. मोठ्या बोराएवढा, स्वच्छ, आरपार दिसणारा. मामंजींनी तो चिमटीत धरला आणि मागे जास्वंदीचं फूल धरलं.

"काय दिसतं?"

"लाल झाला!"

"आता?" फूल काढून त्यांनी बेलाचं पान धरलं.

"हिरवा."

"याला स्वतःचा रंग नाही. शेजारी जे येईल ते तो दाखवतो. माझ्या वडिलांनी मला हे असंच दाखवलं होतं. मन असं असावं म्हणायचे." मग रोजच्यासारखा त्यांनी तो आधी मिटल्या डाव्या डोळ्याला लावला, मग उजव्याला. "सूर्य म्हणजे डोळ्यांचा देव. तो घरात आहे तोवर जायला हरकत नाही. ऑपरेशनला हा मुठीत घेऊन जाईन. लिही डॉक्टरांना, रथसप्तमीनंतरचा मंगळवार."

मला इतका आनंद झाला! त्याच दुपारी पत्र टाकून आले. आणि पुढच्या आठ दिवसांत तोच स्फटिक मी घालवला.

त्याचं असं झालं. दिसत नसल्यामुळे मामंजींच्या हातून देव निसटायची भीती, म्हणून दर शुक्रवारी देव घासायचं काम मी अंगावर घेतलं होतं. त्या शुक्रवारी देव घासले, पुसले. स्फटिकाच्या अंगाला पाण्याचे डाग राहतात, म्हणून तो एका वाटीत उन्हात खिडकीशी ठेवला. शेजारी तसलीच दुसरी वाटी, नैवेद्याच्या खडीसाखरेची. खडीसाखर पण मोठ्या खड्यांची, ह्यांनी खास आणलेली.

तेवढ्यात शेजारच्या इंदूवहिनींची भिंतीवरून हाक, "कुमुद! अगं येतेस ना? मुलं जमली आणि माझा हलवाच कमी पडलाय!"

त्यांच्या धाकट्या बाळाचं बोरन्हाण होतं. संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी हेच चाललेलं असतं. बाळाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा ओतायचा आणि गल्लीतल्या पोरांनी खाली झडप घालून ते लुटायचं.

"खडीसाखर चालेल का वहिनी?"

"धावेल! आण लवकर!"

मी दोन्ही वाट्या उचलल्या आणि पळाले. दोन्ही वाट्या! त्यांच्या परातीत रिकाम्या केल्या, बोरं-चुरमुऱ्यांत कालवल्या आणि "घे गं बाई, तूच ओत, नवी नवरी आहेस," असं वहिनी म्हणाल्यावर मीच मोठ्या कौतुकानं ती परात बाळाच्या डोक्यावर धरली. टक्कन आवाज आला. बाळानं भोकाड पसरलं. एक आजीबाई म्हणाल्या, "नजर लागली हो!" पोरांनी खाली धुमाकूळ घातला. दोन मिनिटांत सतरंजीवर चुरमुऱ्यांशिवाय काही उरलं नाही.

घरी येऊन मी रिकाम्या वाट्या खिडकीशी ठेवल्या आणि मग स्फटिक पुसायला घेऊ म्हणून हात पुढे केला.

ते टक्कन वाजलेलं काय होतं, ते तेव्हा कळलं. मी तिथंच फरशीवर बसले.

तासाभरात मी गल्लीतलं प्रत्येक घर पालथं घातलं. "खडीसाखरेत काचेसारखा एखादा खडा आला का रे?" पोरं माझ्याकडे बघत बसायची. एका मुलीनं सांगितलं, "हो, एक खडा गोडच नव्हता, मी थुंकला." कुठे थुंकलास बाई? तर म्हणे आठवत नाही. मी इंदूवहिनींचं अंगण दोनदा झाडलं, गटार काठीनं ढवळलं. वहिनींना खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग पदर खोचून माझ्याबरोबर गटारात डोकावल्या. स्फटिक काही मिळाला नाही.

"सांगून टाक तुझ्या मामंजींना. देवमाणूस आहेत ते," वहिनी म्हणाल्या.

"बोलतील म्हणून नाही हो घाबरत मी. बोलू देत की! पण हे कळलं तर ते मिरजेला जायचेच नाहीत. दुसरा डोळासुद्धा जाईल वहिनी त्यांचा. माझ्यामुळे!" आणि मी त्यांच्या ओसरीत बसून हमसाहमशी रडले.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. दुसरा स्फटिक मिळवायचा. तोवर काहीतरी बसवायचं. खडीसाखर बसवावी, तर मुंग्या आणि पहिल्याच अभिषेकाला देव अंतर्धान. बाटलीची काच फोडून बघितली, हात कापला. आणि मग मोरीतल्या फळीवर ह्यांच्या दाढीच्या सामानात मला ती दिसली. तुरटी! शुभ्र, अर्धपारदर्शक, थेट देवासारखी. सहाण ओली करून तिच्यावर ती तुरटी मी तासभर घासली. कोपरे गेले, अंग गुळगुळीत झालं. लांबून बघितलं, तिरकं बघितलं. ज्याला नीट दिसत नाही त्याला खपून जाईल, असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. तरी ताम्हनात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळचं ते तीर्थ तुम्हाला सांगितलंच.

ह्यांनी दाढी करताना विचारलं, "माझी तुरटी कुठं गेली गं?"

"संपली. उद्या आणते."

"तुरटी संपते? माझ्या आजोबांपासून तीच होती!"

वाण्याकडून मी चांगला अर्धा किलो तुरटी आणली. वाणी म्हणाला, "एवढी कशाला वहिनी?" मी म्हटलं, "नळाला गढूळ पाणी येतंय." झालं! संध्याकाळपर्यंत सगळी पेठ पाणी उकळून प्यायला लागली.

आता रोज अभिषेक म्हटल्यावर सूर्य रोज झिजायचा. शनिवारी बोराएवढा होता तो सोमवारी करवंदावर आला. मंगळवारी पहाटे उठून मी दुसरा सूर्य घडवला. एकीकडे कऱ्हाडातल्या पूजेच्या सामानाची दुकानं पालथी घातली. स्फटिकाच्या माळा होत्या, मण्यांना भोकं पाडलेल्या. भोक पाडलेला सूर्य कसा बसवणार? नाशिकला दादाला पत्र टाकलं, स्फटिक पाठव, तातडीचं आहे. दादाचं उत्तर काय यावं? "कुणाला, कुठल्या ग्रहासाठी हवा, रास कळव, अंगठीचं मापही कळव." मी ते पत्र चुलीत घातलं.

तीर्थ रोज तुरट. हे रोज तोंड वाकडं करायचे, मामंजी रोज नवं कारण काढायचे. एकदा पंचपात्र कळकलं, एकदा तुळस निबर होती, एकदा नवं गंध उगाळलं होतं. मला वाटायचं, माझं नशीबच जोरावर आहे.

आणि मग बुधवार आला.

हे कारखान्यात गेलेले. मामंजींची पूजा आटपत आली होती. मी फुलवाती वळत शेजारी बसले होते. मामंजींनी ओली तुरटी ताम्हनातून उचलली. माझ्याकडे चेहरा वळवला. का कोण जाणे, जरा थांबले. नेहमी ते मिटल्या पापणीला लावत. त्या दिवशी त्यांनी डोळा मिटलाच नाही. उजवा डोळा टक्क उघडा आणि ती ओली तुरटी हळूहळू डोळ्याकडे न्यायला लागले.

तुरटी आणि उघडा डोळा! आठवड्यावर ऑपरेशन! मी फुलवाती फेकल्या आणि झडप घालून त्यांचं मनगट धरलं. घट्ट. सुनेनं सासऱ्याचं मनगट धरायचा तो काळ नव्हता, एरवी मी त्यांच्यासमोर मान वर करून बोलत नसे.

"नको मामंजी! डोळ्याला काही लावू नका!"

"का गं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. काहीसुद्धा लावायचं नाही म्हणालेत. पाणीसुद्धा नाही."

"स्फटिकसुद्धा नाही?"

"स्फटिकसुद्धा नाही," मी म्हटलं. मनगट काही सोडवत नव्हतं.

मामंजी हसले नाहीत की रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बरं. नाही लावत. सोड आता, बांगडी रुततेय."

मी माजघरात जाऊन पदरात तोंड खुपसून रडले. ठरवलं, आता पुरे. संध्याकाळी हे आले की दोघांसमोर सांगायचं. पण संध्याकाळी मामंजी ह्यांना म्हणत होते, "मंगळवारी कुठली गाडी? सकाळची धरू, म्हणजे धावपळ नको. माझं धोतर, दोन सदरे आणि पंचा सूनबाई भरून ठेवेल." इतक्या उत्साहानं ते पहिल्यांदाच बोलत होते. सांगायचं राहिलं आणि मी पंच्याची घडी घालायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून एक नवल झालं. तीर्थ तुरट लागेना. ह्यांनी दोन पळ्या मागून घेतल्या. आणि मी दुपारी ताम्हनात पाहिलं तर सूर्य झिजलेला नव्हता. शुक्रवारी पाहिलं, तेवढाच. रथसप्तमीला आम्ही अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घातलं, मामंजींनी सूर्याला अर्घ्य दिलं, पूजा झाली, तरी तुरटी तशीच्या तशी. मी हात जोडले. देवानं ती तुरटी पदरात घेतली, स्वतःची मानली, असं मला अगदी आतून वाटलं. इंदूवहिनींना सांगितलं तर त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी लगेच एक नारळ फोडला.

मंगळवारी आम्ही मिरजेला गेलो. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बाकावर मी आणि मामंजी. त्यांना हिरवा झगा घातलेला, डोक्याला हिरवी टोपी. हे कागदांवर सह्या करायला गेलेले. नर्स येऊन म्हणाली, "आजोबा, पाच मिनिटांत नेते हं."

मामंजींनी माझ्यापुढे हात पसरला. "दे. मुठीत धरतो."

मी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. सोडली. तुरटी त्यांच्या तळहातावर ठेवायला गेले आणि हातच पुढे जाईना. माणूस आपला शेवटचा डोळा ज्याच्या भरवशावर देतोय, तो भरवसा मी सहाणेवर घासून केलेला! सांगितलं तर ते आत्ता उठून जातील. नाही सांगितलं तर आयुष्यभर मी त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं वर्तमानपत्र वाचणार होते?

"मामंजी," मी म्हटलं, "हा स्फटिक नाही. तुरटी आहे. स्फटिक माझ्या हातून हरवला. बोरन्हाणात गेला. मी तुम्हाला फसवलं. पण डॉक्टर चांगले आहेत हो, तुम्ही जा, पाया पडते, मला हवं ते बोला नंतर, पण उठून जाऊ नका."

एका दमात बोलले आणि डोळे मिटून घेतले.

"झालं बोलून?" मामंजी म्हणाले.

"हो."

"मग दे इकडे. नर्स आली."

त्यांनी चाचपत माझ्या हातातून ती तुरटी घेतली, मूठ मिटली आणि नर्सच्या खांद्यावर दुसरा हात ठेवून चालायला लागले. नर्स म्हणाली, "आजोबा, हातात काय आहे? आत काही न्यायचं नसतं." मामंजी म्हणाले, "देव आहे. मुठीतच राहील, तुम्हाला त्रास देणार नाही." दार मिटलं. मी बाकावर तशीच बसून राहिले. हे आले, म्हणाले, "अगं, रिकामा रुमाल हातात घेऊन का बसलीयस?" काय सांगणार!

तासाभरानं त्यांना बाहेर आणलं. डोळ्यावर हे एवढं जाड बँडेज. डॉक्टर म्हणाले, "छान झालं. आता पाच दिवस मान हलवायची नाही." नर्सनं माझ्या हातात एक पुडी दिली. आत तुरटी होती, चोखून टाकलेल्या गोळीसारखी पातळ, चिकट.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चमच्यानं मऊ भात भरवत होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान सरळ छताकडे. हे चहा आणायला गेले होते.

"मामंजी, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. हातात घेतल्या घेतल्या."

"दिसत तर नव्हतं तुम्हाला!"

"अगं, चाळीस वर्षं घड्याळातले मोहरीएवढे खडे चिमट्यानं उचललेत मी. स्फटिक हातात कितीही वेळ धर, थंडगार राहतो. तुझा सूर्य लगेच कोमट झाला. तरी म्हटलं, चूक होत असेल आपली. मग तीर्थ घेतलं."

मी चमचा खाली ठेवला. "मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो. राग आला होता. तू हरवलास त्याचा नव्हे, लपवलंस त्याचा. म्हटलं, पोर बोलण्यांना भ्यायली. बघू किती दिवस लपवते. आणि सूर्यच घरातून गेला म्हटल्यावर मिरजेला जायचं नाही, हेही ठरवून टाकलं होतं. तुझ्या नवऱ्याला सांगणार होतो गाडी चुकवायला."

"मग?"

"मग बुधवारी मुद्दाम उघड्या डोळ्याकडे नेली. तू बोलतेस का ते बघायला. म्हटलं, हिला स्वतःची कातडी वाचवायची असेल तर गप्प बसेल." त्यांनी हात माझ्यापुढे केला. "तू मनगट धरलंस. आठ दिवस झाले, अजून बांगडीचा वळ आहे बघ."

खरंच होता. बारीकसा, काळपट.

"त्या दिवशी मला समजलं की माझ्या डोळ्याला माझ्यापेक्षा दुसरंच कुणीतरी जास्त जपतंय. तुझी सासू गेल्यावर असं कुणी हात धरून नको म्हणालं नव्हतं. मग सूर्य घरात आहेच की. ताम्हनात नसेल, ओट्यापाशी असेल. दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या तुरटीला आंघोळ घालायचं बंद केलं. नुसत्या कोरड्या अक्षता वाहायचो. बिचारी उगाच झिजत होती."

"म्हणजे ते नवल तुम्ही केलंत? आम्ही नारळ फोडला हो!"

"हसवू नकोस! मान हलवायची नाहीये!" मामंजी ओरडले. आणि मी हसतेय की रडतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. नर्स धावत आली आणि मला खोलीबाहेर काढलं.

पाचव्या दिवशी बँडेज सुटलं. मामंजींनी डोळे किलकिले करून आधी खिडकी पाहिली, मग ह्यांना पाहिलं, मग मला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"काय हो मामंजी?"

"काही नाही. तुझा आवाज ऐकून मला वाटलं होतं तू चांगली उंचनिंच असशील."

दीड महिन्यानं चष्मा आला. त्या काळी आत भिंग बसवत नसत, बाहेरूनच लावायचं. बाटलीच्या बुडासारखी जाड काच, दोन्ही बाजूंना. मामंजींनी तो लावला, आख्खं वर्तमानपत्र स्वतः वाचलं, अग्रलेखासकट. मग दुकानाची पेटी मागवली. दोन वर्षांनी ती उघडली. बारीक पेचकस काढला, चिमटा काढला, चष्मा पंच्यावर ठेवला, डोळ्याला जुनं भिंग लावलं आणि डाव्या बाजूचा स्क्रू सैल करायला घेतला.

"अहो अण्णा, मोडताय का नवा चष्मा?" हे ओरडले.

"हा डोळा आंधळा. त्याला जाड काय आणि बारीक काय. उगाच काच फुकट बसलीय त्याच्यापुढे."

त्यांनी ती गोल जाड काच अलगद काढली, धुतली, पुसली आणि देवघरापाशी जाऊन ताम्हनात सूर्याच्या जागी ठेवली. मागे जास्वंदीचं फूल ठेवलं. काच लालभडक झाली.

"याच्यामुळे दिसायला लागलं ना? मग हाच सूर्य. आता याला हवी तेवढी आंघोळ घाल, झिजणार नाही."

पुढची अकरा वर्षं मामंजी डाव्या बाजूला नुसतीच कडी असलेला चष्मा लावून दुकानात बसले. गिऱ्हाईकं आधी दचकायची, मग सवय व्हायची. ते गेले, दुकान गेलं, पण काच आहे. परवा माझ्या सुनेनं देव घासताना ती उचलून विचारलं, "आई, चष्म्याची काच कशी आली देवात? चुकून का?" मी म्हटलं, "चुकूनच. बस, सांगते."

पण त्या सकाळचं एवढं राहिलंच. नव्या सूर्याची पहिली पूजा झाली. मामंजींनी ह्यांना तीर्थ दिलं, मला दिलं, स्वतः घेतलं.

"कसंय?" मला विचारलं.

"छान आहे मामंजी. अगदी गोड."

त्यांनी पुन्हा पळीभर घेऊन जिभेवर घोळवलं आणि तोंड वाकडं केलं.

"सपक लागतंय गं," ते म्हणाले. "मला तुरटाची सवय लावून ठेवलीस."